वाचक विचारतात: नकाशावरून मॉडेल

यावेळी आलेल्या प्रश्नांत जहाजं आणि तोफा जास्त आहेत, आणि निम्म्यांची तक्रार एकच आहे: भाग एकमेकांत बसत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: १:४८ स्केलच्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) जहाजाचा प्लॅन घरच्या प्रिंटरवर छापला. ३ मिमी प्लायवर चिकटवून फासळ्या (जहाजाच्या आडव्या चौकटी) कापल्या. आता कण्याच्या (तळाच्या मधल्या लांब तुकड्याच्या) खाचांत काही फासळ्या सैल बसतात, काही आत जातच नाहीत. माझं कापणं चुकलं का?

थोडं चुकलं असेलही, पण करवतीला दोष देण्याआधी कागद तपासा. प्लॅनवर बहुधा एक मोजपट्टी छापलेली असते. ती स्टीलच्या पट्टीने मोजा, एकदा आडवी आणि एकदा उभी. प्रिंटरचं 'पानात बसवा' हे सेटिंग चालू राहिलं असेल तर १०० मिमीची रेघ ९७-९८ मिमी भरते. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ६०० मिमीच्या जहाजात तो १२ मिमीचा फरक झाला. त्यातून एक पान घरी आणि दुसरं दुकानात छापलं असेल तर कणा एका मापाचा आणि फासळ्या दुसऱ्या मापाच्या होतात. सगळी पानं एकाच मशीनवर, एकाच बैठकीत, शंभर टक्क्यांवर छापा.

दुसरा चोर म्हणजे गोंद. पाण्याचा गोंद लावला की कागद भिजतो आणि फुगतो, आणि तोही एका दिशेने जास्त. नकाशा चिकटवायला स्प्रेचा किंवा रबरी गोंद घ्या. काहीच नसेल तर कार्बन पेपरने रेषा उतरवा.

तिसरी गोष्ट प्लायची. ३ मिमी म्हणून घेतलेला तुकडा व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या पकडपट्टीने) मोजला तर २.७ भरतो, कधी ३.२ भरतो. नकाशावरची खाच मात्र नेमकी ३ची असते. खाचेची रुंदी नकाशावरून न घेता हातातल्या प्लायवरून घ्या. रेषेच्या आतून, म्हणजे खाच अरुंद राहील अशी कापा आणि मग सपाट कानशीने वाढवा. अंगठ्याच्या दाबाने फासळी आत सरकली की थांबा. ठोकून बसवावी लागली तर कणा वाकतो. एकेका खाचेत ०.१ मिमीची जबरदस्ती झाली तरी वीस खाचांत मिळून २ मिमी होते, आणि कण्याची केळ्यासारखी कमान तयार होते.

फासळ्यांसाठी आणखी एक. जुन्या नकाशांवरून काढलेल्या प्रतींत डावी आणि उजवी बाजू क्वचितच तंतोतंत सारखी असते. मधल्या रेषेवर कागदाची घडी घाला, जी बाजू चांगली वाटते तिचीच रेषा धरून घडीसकट कापा आणि उलगडा. हा साचा दोन्हीकडे सारखा असतो.

प्रश्न: प्लॅन १:७२चा आहे, मला १:४८ हवा. झेरॉक्स किती टक्क्यांनी वाढवायची?

जुन्या स्केलचा आकडा भागिले नव्या स्केलचा आकडा, गुणिले शंभर. ७२ भागिले ४८, म्हणजे १५० टक्के. उलट जायचं असेल तर ६६.७. मशीन एका झटक्यात तेवढं वाढवत नसेल तर दोन टप्पे करा, पण टप्प्यांचा गुणाकार होतो, बेरीज होत नाही. २०० टक्के हवे असतील तर १४१ टक्के दोनदा.

रेषाही वाढतात. अर्ध्या मिमीची रेघ पाऊण मिमीची होते. म्हणून ठरवून टाका की कापायचं ते रेषेच्या बाहेरच्या कडेला, आणि सगळीकडे तसंच. प्लायची जाडी झेरॉक्सबरोबर वाढत नाही, त्यामुळे खाचा वर सांगितल्याप्रमाणे नव्याने मोजाव्या लागतील. आणि लांबी दीडपट झाली म्हणून सामानही दीडपट लागेल असं धरू नका. रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि घनफळ जवळजवळ ३.४ पट.

मोठं केल्यावर तपशील वाढवायचा मोह होतो. २५ मिमीचा खिळा १:७२ला ०.३५ मिमी येतो आणि १:४८ला ०.५२. ज्याचं माप ०.२ मिमीच्या खाली जातं ते आमच्या मते सोडून द्यावं. ते हट्टाने दाखवलं की हमखास जाड होतं, आणि सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं.

प्रश्न: जहाजावरच्या ३२ पौंडी (३२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफेची १:२४ लाकडी प्रतिकृती करायची आहे. लेथ नाही. नळी गोल कशी करायची, आणि आतून पोकळ ठेवायची का?

पोकळ अजिबात ठेवायची नाही. ही दाखवायची तोफ आहे, ती भरीवच हवी. तोंडाशी १५ मिमी खोल भोक पुरतं. आतून काळा मॅट रंग दिला की नजरेला त्याचा तळ लागत नाही. कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, वरून फक्त १ मिमीचा खड्डा म्हणून दाखवा. तो आत कुठेही पोचता कामा नये.

आधी मापं. ब्रिटिश नौदलाची लांब ३२ पौंडी तोफ, अॅडमिरल नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजाच्या खालच्या तोफ-डेकवर होती ती, ९ फूट ६ इंच लांब, म्हणजे २८९६ मिमी. चोविसाने भागून १२०.७ मिमी. ही लांबी बुडाच्या कड्यापासून तोंडापर्यंतची आहे. मागचं बोंड, म्हणजे बुडामागची गोल मूठ, वेगळं मोजायचं. तोंडाचं भोक सुमारे ६.४ इंच, म्हणजे आपल्याकडे ६.८ मिमी. ७ मिमीचं बिट चालेल.

लाकूड बारीक रेषांचं, सरळ आणि बिनगाठीचं घ्या. बाल्सा नखानेही दबतो. सागाची छिद्रं या स्केलला देवीच्या व्रणांसारखी दिसतात. २४ मिमी चौरस, १६० मिमी लांब ठोकळा घ्या आणि नळीचं अंग कुठेही २४ मिमीपेक्षा जाड नाही ना ते नकाशावर पाहून घ्या. तोंडाची बाजू गुण्या लावून काटकोनात कापा आणि जादा लांबी सगळी बुडाकडे ठेवा. दोन्ही टोकांना कर्ण काढले की मध्य मिळतो.

आता खरी मेख. सगळी भोकं ठोकळा चौरस असतानाच पाडायची. गोल झालेल्या नळीवर बिट घसरतं, आणि काटकोन कशावरून धरायचा तेही उरत नाही. पहिलं भोक तोंडाचं: आधी ३ मिमीचं, मग ७चं, बिटवर १५ मिमीला चिकटपट्टीची खूण करून. मग नळी ज्या खुंट्यांवर गाड्यात टेकते त्यांचं आडवं भोक. ब्रिटिश पद्धतीत ते बुडाच्या कड्यापासून लांबीच्या ३/७ वर येतं, म्हणजे इथे ५१.७ मिमीवर. तुमच्या नकाशात वेगळं असेल तर नकाशा प्रमाण. जुन्या तोफांत खुंट्या नळीच्या मध्यरेषेच्या खाली असतात. त्या मध्यावर बसवल्या की तोफ गाड्यात बुडल्यासारखी दिसते. खुंटीचा व्यास गोळ्याएवढा, साधारण ६.५ मिमी. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, म्हणजे चूक एका बाजूला साठत नाही. पाडल्यावर त्यात दांडीचा तुकडा न चिकटवता घालून ठेवा, नाहीतर घासताना भोकाच्या कडा उडतात.

मग नळीची बाजूची आकृती ठोकळ्याच्या चारही अंगांवर काढा आणि रंध्याने निमुळता, पण अजून चौकोनीच करा. तोंडाजवळचा फुगवटा राखा. त्यानंतर प्रत्येक अंगाची रुंदी ७:१०:७ अशी वाटून दोन रेषा मारा. डोलकाठ्या घडवणाऱ्या सुतारांचं हे जुनं गणित आहे. २४ मिमी रुंदीला ते सरळ ७, १० आणि ७ मिमी येतं, १५ मिमीला ४.४, ६.२ आणि ४.४. कोपरे रेषांपर्यंत उडवले की अष्टकोन झाला. अष्टकोनाचे कोपरे हलकेच उडवले की सोळा बाजू, आणि तिथून पॉलिश पेपरची पट्टी बूट पुसल्यासारखी मागेपुढे ओढायची: ८०, मग १२०, मग २४० नंबर. मधूनमधून नळी फिरवत राहा, नाहीतर अंडाकृती होते. पुठ्ठ्यात आकृतीचा उलटा साचा कापून नळीला लावा आणि उजेडासमोर धरा. जिथून उजेड दिसत नाही तिथे अजून लाकूड जास्त आहे.

नळीवरची कडी कोरत बसू नका. जाड कागदाच्या दीड मिमी रुंद पट्ट्या पांढऱ्या गोंदाने गुंडाळा, उंची वेढ्यांवर ठरते. शेवट खालच्या बाजूला, खुंट्यांच्या रेषेत लपवा. हातातल्या ड्रिलमध्ये ठोकळा पकडून फिरवायची युक्ती बरेच जण सांगतात. एवढा लांब तुकडा दुसऱ्या टोकाला आधार नसेल तर थडथडतो आणि निसटला तर तोंडावर येतो. ती नकोच.

प्रश्न: भिंतीवर लावायला चकमकीच्या पिस्तुलाची प्रतिकृती करतोय. नळीसाठी लोखंडी पाइप वापरला तर खरी वाटेल?

पाइप वापरू नका. भरीव लाकडी दांडी घ्या, तोंडाशी १० मिमी खोल भोक पाडा. रंग नीट दिला तर दोन हातांवरून फरक कळत नाही. चापाचे भाग २ मिमी प्लास्टिक शीटमधून कापून एकाच स्थितीत कायमचे चिकटवा. हलणारा घोडा आणि स्प्रिंग यांची भिंतीवर गरजच नसते. हुबेहूब दिसणाऱ्या नकली हत्यारांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुठे नळीचं टोक नारिंगी ठेवावं लागतं, कुठे विक्रीवर बंधनं असतात. सुरू करण्याआधी तुमच्याकडचा नियम बघा, आणि घराबाहेर नेताना बंद खोक्यातच न्या.

प्रश्न: जहाजाच्या अंगावर पट्ट्या बसवताना नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, त्या एकमेकींवर चढतात. मधल्या भागात दोन दिवसांनी फटी पडल्या. काय करू?

या दोन वेगळ्या चुका आहेत.

चढतात, कारण पट्टी एकाच रुंदीची आहे आणि जहाज तसं नाही. मधल्या फासळीवर कागदाची पट्टी ठेवून काठापासून कण्यापर्यंतचा घेर मोजा. समजा ९६ मिमी आला आणि पट्टी ६ मिमीची आहे, तर १६ पट्ट्या लागतील. नाळेपाशी तोच घेर ५६ भरला, तर तिथे प्रत्येक पट्टी ३.५ मिमीची हवी. असं प्रत्येक फासळीवर मोजून, १६ने भागून पेन्सिलच्या खुणा करा आणि प्रत्येक पट्टी तेवढी निमुळती तासा. नियम एकच: मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ नका. घेर ४० भरला तर १६ने भागून २.५ येतात, तिथे खिळाही धरत नाही. मग नाळेच्या थोडं अलीकडे तीन पट्ट्या संपवून १३ पुढे न्या, म्हणजे ३ मिमी मिळतात. मागच्या टोकाला बहुधा उलटं होतं. घेर वाढतो आणि पाचरीसारख्या जादा पट्ट्या घालाव्या लागतात. कण्याला लागून असलेली सर्वांत खालची पट्टी नाळेकडे वर चढू देऊ नका. ती चढली की वरच्या सगळ्या बिघडतात.

फटी पडल्या, कारण पट्टी ओली असतानाच चिकटवली. लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं आणि वाळलं की तेवढंच आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून फट नेहमी दोन पट्ट्यांच्या मधे दिसते. गरम पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, जहाजावर टाचण्यांनी बसवा, रात्रभर वाळू द्या, काढा आणि मग गोंद लावा. वेळ जातो, पण याला जवळचा रस्ता नाही. आणि पट्ट्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा बसवत जा. एक बाजू आधी पूर्ण केली तर कणा पिळतो आणि तो पीळ नंतर काढता येत नाही.

पडलेल्या फटींत पुट्टी भरायची असेल तर त्याच लाकडाचा भुसा पांढऱ्या गोंदात कालवून भरा. मात्र जहाज रंगवणार नसाल तर ती जागा वॉर्निशखाली गडद डाग बनून दिसेल. तिथे लाकडाची बारीक चीप घालणंच बरं.

प्रश्न: सुपरग्लूने जोडल्यावर सांध्याभोवती पांढरी साय येते.

गोंदाची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसते तिचा तो थर. गोंद जास्त आणि हवा कोंडलेली असली की हमखास येतो. सुईच्या टोकाने थेंब ठेवा, खोली हवेशीर ठेवा आणि काचेच्या खिडक्या शेवटी बसवा. आलेली साय बहुतेक वेळा तेलाच्या बोटाने किंवा मॅट वॉर्निशने झाकली जाते. सुती कापडावर किंवा दोऱ्यावर हा गोंद ओतू नका. चटका बसण्याइतका तापतो.

प्रश्न: काळी रंगवलेली लाकडी तोफ प्लास्टिकची वाटते. लोखंडाचा पोत कसा आणायचा?

शुद्ध काळा वापरला असेल. छोट्या वस्तूवर तो भोकासारखा दिसतो. काळ्यात थोडा गडद राखाडी आणि थेंबभर तपकिरी मिसळा. त्याआधी लाकडाचे रेषे बुजले पाहिजेत: सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचे) तीन हात, दर हातानंतर ४०० नंबरचा पेपर. रंग पातळ, दोन-तीन हातांत द्या. जाड हात कड्यांच्या कोपऱ्यात साचतो. शेवटी मऊ पेन्सिलीची पूड बोटावर घेऊन कड्यांवर, तोंडाच्या काठावर आणि खुंट्यांवर चोळा. ही पूड मॅट वॉर्निशच्या नंतर लावायची. आधी लावली तर वॉर्निश तिची सगळी चमक गिळतं.