थ्रीडीमार्क आणि 'मॅक्स पेन'च्या मागचा फिनलंडचा फ्युचर क्रू नेमका कोण होता?

ग्राफिक्स कार्डाची ताकद मोजणारा थ्रीडीमार्क हा प्रोग्रॅम बनवणारे आणि 'मॅक्स पेन' हा गेम बनवणारे लोक मुळात एकाच मित्रगटातले होते का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच अंशी हो. कॉलेजात असताना नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं की आम्ही सगळ्यात आधी थ्रीडीमार्क चालवायचो. त्याचे कर्ते कोण, हे शोधता शोधता मी फ्युचर क्रू या डेमो बनवणाऱ्या गटापर्यंत पोचलो, आणि आजही त्यांच्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं.

आधी डेमो म्हणजे काय ते सांगतो. डेमो हा व्हिडिओ नसतो. प्रोग्रॅम सुरू केला की पडद्यावरचं प्रत्येक चित्र कॉम्प्युटर तिथल्या तिथे मोजून काढतो, सोबत संगीत चालू असतं. त्यात खेळायचं काही नसतं, विकायचंही काही नसतं. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, एवढाच हेतू. ही कला कमोडोर ६४ सारख्या घरगुती कॉम्प्युटरांवर जन्मली. गेमचं कॉपी-संरक्षण तोडणारी पोरं गेमच्या आधी आपल्या नावाची छोटीशी झलक जोडायची. पुढे ती झलकच मोठी झाली आणि गेम मागे पडला.

फ्युचर क्रूची सुरुवातही १९८६ मध्ये कमोडोर ६४ वरच झाली. १९८८ मध्ये ते पीसीकडे वळले. तेव्हा हे वेडं धाडस होतं, कारण अमिगा या घरगुती कॉम्प्युटरात चित्र आणि आवाजासाठी खास चिप होत्या, तर पीसी हे ऑफिसातलं यंत्र. सगळी मोजणी प्रोसेसरच्या डोक्यावर.

गटात कामं वाटलेली होती आणि प्रत्येकाला टोपणनाव होतं. कोड लिहिणाऱ्यांत सामी ताम्मिलेहतो (पीएसआय), मिका तुओमी (ट्रग) आणि वाइल्डफायर. संगीत योने वाल्टोनेन (पर्पल मोशन) आणि पीटर हाय्बा (स्केवन) यांचं. चित्रं मार्व्हल आणि पिक्सेल यांची. सामुली सुव्याहुओको (गोर) हेही गटातलेच.

संगीतासाठी लागणारं साधनही पीएसआयने स्वतःच तयार केलं, ते म्हणजे स्क्रीम ट्रॅकर. यात वाद्यांचे छोटे नमुने साठवायचे आणि कोणता नमुना कधी, किती उंच सुरात वाजवायचा ते ओळींमध्ये लिहायचं. त्यामुळे अख्खं गाणं अगदी कमी जागेत मावायचं. त्याचा एस३एम हा फाइल प्रकार पुढे जगभर पसरला.

१९९२ मध्ये अमिगावरच्या कॉम्प्लेक्स आणि रेबेल्स या गटांबरोबर त्यांनी असेम्ब्ली हा डेमोवाल्यांचा मेळावाच सुरू केला. तिथे त्यांच्या 'अनरिअल'ने पीसी डेमोंची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षअखेरीस डेन्मार्कमधल्या 'द पार्टी' या मेळाव्यात त्यांचा 'पॅनिक' दुसरा आला.

आणि मग १९९३ च्या असेम्ब्लीत त्यांचा 'सेकंड रिॲलिटी' हा डेमो. हा प्रत्येकाने एकदा तरी बघावाच. ठिपक्यांचा बोगदा, रंगांच्या लाटा, भिंगाखालून सरकणारं चित्र, शेवटी त्रिमिती शहरातून उड्डाण, आणि हे सगळं ग्राफिक्स कार्डाच्या मदतीशिवाय, ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या जमान्यातल्या पीसीवर! पण यातल्या बऱ्याच करामती इतर गटांनाही जमत होत्या. माझ्या मते याचं मोठेपण संगीताच्या ठेक्याशी जुळलेल्या दृश्यांत आहे. ठोका पडतो त्याच क्षणी दृश्य बदलतं, आणि अंगावर काटा येतो.

हे कसं साधलं ते २०१३ मध्ये कळलं. डेमोला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी सगळा सोर्स कोड खुला केला. मी तो उघडला तेव्हा एक सलग, भव्य इंजिन सापडेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक भाग हा वेगळा, स्वतंत्र प्रोग्रॅम निघाला. कोणी असेम्ब्ली भाषेत (मेळाव्याचं नाव नव्हे, प्रोसेसरच्या अगदी जवळची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेला, कोणी सीमध्ये, कोणी पास्कलमध्ये. त्यांना बांधून ठेवणारा एक छोटा सेवक-प्रोग्रॅम मेमरीत बसायचा आणि संगीत कुठवर आलंय ते प्रत्येक भागाला सांगायचा. त्याला हाक मारायचा इंटरप्ट क्रमांक होता 'एफसी', म्हणजे हेक्स (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत लिहिलेला २५२, आणि गटाची आद्याक्षरंही! प्रत्येकाने आपापल्या घरी, आपल्या आवडीच्या भाषेत काम करावं आणि शेवटी सगळं जुळावं, यासाठीची ही सोय फार सुंदर आहे.

१९९४ नंतर गट हळूहळू शांत झाला. १९९५ मध्ये त्यातल्या काहींनी रेमेडी ही कंपनी काढली. १९९६ ला 'डेथ रॅली' आणि २००१ ला 'मॅक्स पेन' हे तिचेच गेम. रेमेडीतूनच पुढे फ्युचरमार्क वेगळी झाली, तीच थ्रीडीमार्कवाली. तुओमी बिटबॉइज या ग्राफिक्स चिपच्या कंपनीत गेले, जी २००६ मध्ये एटीआय या ग्राफिक्स चिपच्याच कंपनीने विकत घेतली. वाल्टोनेन वाद्यवृंदासाठी संगीतरचना करू लागले. २००८ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला गेम-संगीताची मैफल झाली, तिच्यासाठी वाद्यवृंदाची मांडणी त्यांनी केली होती.

'सेकंड रिॲलिटी' बघायचा असेल तर शक्यतो रेकॉर्डिंग बघू नका. डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुस, म्हणजे ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड, हे साउंड कार्ड निवडून मूळ प्रोग्रॅमच चालवा आणि कानाला हेडफोन लावा. नंतर जमलं तर स्मॅश डिझाइन्स या गटाचा 'सेकंड रिॲलिटी ६४' शोधा. १९९७ मध्ये त्यांनी हा डेमो पुन्हा कमोडोर ६४ वर उतरवून दाखवला, फ्युचर क्रूने जिथून सुरुवात केली त्याच यंत्रावर.