चारनंतर चाक हलवायचं नाही

अगं मुली,

पत्र मिळालं. कोलंबियातलं कार्टाहेना ते अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उशुआया, पिकअपवर बसवलेल्या खोलीत राहत, सहा महिन्यांत, आणि त्यात बोलिव्हिया गाळायचा की रोज दोन तास अंधारात चालवून तो बसवायचा, हा तुझा पेच. तुझी डेन्व्हरची मंडळी म्हणतात, रात्री घाटातले रस्ते रिकामे असतात. रिकामे नसतात गं, दिसत नसतात. टेललाइट नसलेला ट्रक, रस्त्यातच बसलेल्या लोकरीच्या अल्पाका, पावसाने खचलेली कड, सगळं जागच्या जागी असतं. फक्त तुला ते शेवटच्या क्षणी कळतं.

जावं की नाही, हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. मी थेट मुद्द्यावर येतो. दुपारी चारनंतर चाक हलवायचं नाही. हा नियम मी कुणासाठी मोडला नाही, तुझ्यासाठीही सैल करणार नाही.

तुझ्या तक्त्यात रोजचे तीनशे किलोमीटर मांडलेत आणि पेरूतलं नास्का ते कुस्को दोन दिवसांत उरकलंय. आता तो रस्ता नीट बघ. नास्का सहाशे मीटरच्याही खाली. तिथून शंभरेक किलोमीटरच्या आत तू पाम्पा गालेरासला, चार हजार मीटरच्या आसपास. विकुन्यांचं, म्हणजे अल्पाकाच्या रानटी भावंडांचं, राखीव माळरान आहे, लोक खूश होऊन फोटो काढतात, उशीर होतो आणि मग तिथेच पलंग उघडतात. रात्री उंचीने डोकं फुटायला लागतं. पुढे पुकियो आहे, ३,२०० मीटरच्या सुमारास. थेट नास्काहून आलेल्याला तेही जास्तच, पण चार हजारांपेक्षा कितीतरी बरं. पुकियोनंतर पुन्हा उघडं पठार, चार हजारांच्या वर, तासन्‌तास. मग चाल्वांकाच्या दरीत उतार, नदीच्या कडेने आबांकाय, तिथून पुन्हा चार हजारांच्या आसपास चढ आणि लगेच आपुरिमाक नदीपर्यंत घसरण. त्या एका उतारात तू कळसूबाईच्या उंचीपेक्षा जास्त खाली येतेस, आणि लगेच कुस्कोसाठी ३,४०० मीटरवर चढायचं असतंच. सगळं मिळून साडेसहाशे किलोमीटर. याला चार दिवस. तीनमध्ये बसवलंस तर मला सांगू नकोस.

तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. पायी चालणाऱ्याला हे पाळायला सोपं, त्याचे पायच त्याला थांबवतात. गाडी तासाभरात हजार मीटर चढवते आणि वर एसी लावून देते. म्हणून म्हणते ना मी— बघ, तुझ्या काकूचं वाक्य आलं तोंडात. तिचं म्हणणं होतं, पेट्रोलपंपावर आधी मुक्कामाच्या गावाची उंची विचारा, अंतर नंतर.

आणि उतार. तुझ्या पिकअपच्या पाठीवर अख्खी खोली बसवलेली आहे. जो गिअर चढताना लागला तोच उतरताना ठेवायचा, हे तुलाही माहीत आहे. पण साडेपाच वाजता, दिवसभर वळणं घेतलेला पाय गिअर विसरतो आणि ब्रेकवर जाऊन बसतो. थोड्या वेळाने तो जळका वास येतो. सकाळी दहाला हा वास कधी येत नाही. येतो तो संध्याकाळीच.

चारचा खरा फायदा मुक्कामाला. पेरूत सूर्य बाराही महिने सहाच्या आगेमागे बुडतो. चारला पोचलीस आणि जागा आवडली नाही, पंपवाल्याने नाही म्हटलं, शेजारी दारूचं दुकान निघालं, तर निघून दुसरी शोधायला उजेड असतो. सातला पोचलीस की जे मिळेल ते गोड मानून घ्यावं लागतं. महामार्गावरच्या मोठ्या पंपांवर ट्रकवाले झोपतात तिथेच, त्यांच्या रांगेत पण बाहेर काढता येईल अशी गाडी लाव. आधी डिझेल भर, मग झोपू का विचार.

मग कुकर काढ. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात मसूर तासभर नुसते नाचतात आणि शेवटी दाताखाली कचकचतात. कुकरमध्ये शिजतात, पण समुद्रकाठच्या शिट्ट्या विसर, जास्त लागतात. तूरडाळ शोधत हिंडू नकोस, मसूर प्रत्येक बाजारात आहे. भांडं धुऊन होईस्तोवर अंधार पडलेला असतो आणि तू आत असतेस. मला याहून मोठी चैन माहीत नाही.

तू म्हणशील, खाली दक्षिण टोकाकडच्या पातागोनियात डिसेंबरात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तिथे कशाला चार? तिथेही चार. तिथे दुपारी वारा चढतो आणि तुझ्या उंच पेटीला शिडासारखा धरतो. आणि वारा नसला तरी चार. नियमाला रोज कारण विचारलं की तो आठवड्यात मरतो.

मी हा प्रवास केला तेव्हा माझा कॉलेजपासूनचा दोस्त निम्म्या वाटेपर्यंत बरोबर होता, स्वतःची गाडी घेऊन. कुस्कोला म्हणाला, तू सहलीचं ऑफिस केलंयस, आणि पुढे निघून गेला. बोलिव्हियात उयुनीच्या मिठाच्या मैदानावर पावसाचं पाणी साचलं की आभाळ जमिनीत दिसतं, ते त्याला मिळालं. मी पोचलो तेव्हा मीठ कोरडं खडखडीत होतं. आता आमचं बोलणं दिवाळीच्या मेसेजपुरतं. लोकांना वाटतं मला पश्चात्ताप असेल. दोस्ताचं वाईट वाटतं, होय. पण तो अंधारात पोचला कसा, हे विचारलं की तो विषय बदलतो, आणि मी अजूनही विचारतोच.

बोलिव्हिया गाळू नकोस. टिकिना सामुद्रधुनीत तुझी गाडी लाकडी तराफ्यावर चढवून टिटिकाका सरोवर ओलांडतात, फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं. ते सोडून तू उशुआयाच्या पाटीपाशी फोटो काढायला धावणार? काप ती पाटी. उयुनीत मात्र पाण्यात गाडी घालू नकोस आणि बाहेर आलीस की चासी खालून धुऊन घे, मीठ खातं. परदेशी नंबरप्लेटला बोलिव्हियात डिझेल मिळवणं ही जुनी डोकेदुखी, जादा कॅन ठेव. आणि मोकळे दिवस ठेव, ते तुझ्या तक्त्यात एकही नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये पेरूच्या कास्तियो यांना राष्ट्राध्यक्षपदावरून हटवलं तेव्हा दक्षिण पेरूतले रस्ते आठवडेच्या आठवडे अडले होते. ज्याच्याकडे दिवस नसतात तो नाकेबंदीतून रात्री निसटायला बघतो.

बाकीचं पटकन. पाण्याची टाकी भरून, तुम्ही दोघं आत बसून, ट्रकच्या काट्यावर वजन कर आणि दारावरच्या वजनमर्यादेच्या स्टिकरशी ताड. पेरूत गाडीचा परवाना तुझ्या व्हिसापेक्षा वेगळा असतो, जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. मुदत टळली तर गाडी जप्त होऊ शकते. पनामा आणि कोलंबियाच्या मधल्या डॅरिएनच्या जंगलात रस्ताच नाही, पनामाच्या कोलोनहून गाडी जहाजाने जाते. त्यासाठी गॅसची टाकी रिकामी लागते, म्हणजे कार्टाहेनाला पहिल्या दिवशी चहा मिळणार नाही, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव. त्याला रात्री चालवायला आवडतं असं लिहिलंयस. त्याला हे पत्र दाखव, किंवा मला फोन करायला सांग. चारनंतर मी घरीच असतो.

तुझा काका

ता. क. चिलीच्या हद्दीवर फळं, भाज्या, मध, बिया, कडधान्यं यांबद्दल फॉर्मवर विचारतात. आईने दिलेली मोहरी-मेथी आहे म्हणून ‘हो’वरच खूण कर. नेली तर नेली. लपवून सापडलीस तर दंड, आणि अर्धा दिवस तिथेच जाईल.