उत्तर: राणीची चरित्रं बाजूला ठेवा, त्या मुलीच्या आईची पत्रं वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जेन सीमोर, म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाची तिसरी राणी, तिच्या पदरी असलेल्या सरदारकन्येवर नाटक लिहायचंय, पण ग्रंथालयात हाती पडतात ती राण्यांची चरित्रं; ही मुलगी जगायची कशी, तिचा खर्च कोण करायचं, याचा पत्ताच नाही. अगदी हेच माझं झालं होतं.

आठवा हेन्री, त्याच्या राण्या हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते. थेट ॲन बॅसेटला गाठा, ती याच राणीच्या पदरी होती. सावत्र वडील लॉर्ड लाइल, कॅलेचे, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या तेव्हा इंग्रजांकडे असलेल्या बंदराचे, राजप्रतिनिधी. आई ऑनर. १५३७ साली राणी गरोदर होती आणि तिला लावे पक्षी खायची फार इच्छा व्हायची. ऑनरबाई कॅलेहून लावे पाठवत राहिल्या. एकदा ते खातानाच राणीने विषय काढला: दोन्ही मुलींना पाठवा, वागणं-बोलणं बघून एकीला ठेवून घेईन. ॲन पसंत पडली, तिची बहीण कॅथरीन राहिली.

नाटक इथे आहे, असं माझं ठाम मत. प्रत्येकीला कपड्यांचे दोन जोड हवेत, एक साटिनचा, एक डमास्कचा (विणीतच नक्षी असलेलं कापड). ॲन फ्रान्समध्ये वाढलेली, तिची फ्रेंच टोपी राणीला चालेना. छपरासारखं टोकदार इंग्रजी शिरोभूषणच हवं. लाइलांचा लंडनमधला कारभारी जॉन हसी आईला कळवतो की ते तिला फ्रेंच टोपीइतकं शोभत नाही, पण राणीची मर्जी राखायलाच हवी. पगार वर्षाला १० पौंड आणि खाणंपिणं. बाकी सगळा भार घरच्यांवर. आणि एवढं करून ॲन रुजू झाल्यावर काही आठवड्यांतच, २४ ऑक्टोबरला, राणी बाळंतपणानंतर वारली! राजाची नजर कुणावर होती यात कृपया अख्खा अंक घालवू नका.

हे सगळं लाइल कुटुंबाच्या पत्रांत आहे. १९८१ साली त्यांचे सहा खंड निघाले. आमच्या शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत ते होते. काउंटरवर म्हणाले, शिफारसपत्र आणा. आणलं, तर त्यावर संस्थेचा शिक्का हवा. शिक्का आणला, तर खंड बांधणीला गेलेत. कधी येतील? 'सांगता येत नाही.' ज्या नाट्यस्पर्धेसाठी मी लिहीत होते, तिची तारीख उलटून गेली. राग याचा येतो की हेन्रीच्या काळातल्या सरकारी कागदपत्रांचे सारांश 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन'वर फुकट वाचता येतात, त्यात ही पत्रंही आहेत, हे त्या काउंटरवरच्या एकानेही सांगितलं नाही. माहिती देणं हेच ज्यांचं काम, त्यांनी असं वागावं? सगळीच ग्रंथालयं अशी नसतात. तुमचा अनुभव बरा असेल तर खंड मागाच, कारण सारांशात घरगुती तपशील गळतात.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही, तेव्हा तारखा एकदा ताडून घ्या. त्या काळी इंग्लंडमध्ये साल २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर मागचं साल दिसतं. १५४० च्या मे महिन्यात लाइलांना अटक झाली आणि घरचे कागद जप्त झाले. पत्रं टिकली ती त्यामुळेच. ॲन मात्र दरबारात टिकली, पुढे हेन्रीची मुलगी मेरी राणी झाली, तिच्याही सेवेत होती. दुसऱ्या अंकासाठी १५४० नंतरचं तिचं आयुष्य घ्या.