‘कास्ट’ दिसला की ‘टाकणे’ आठवा

प्रश्न असा : बिडाचा तवा म्हणजे कास्ट आयर्न, सिनेमातली नटमंडळी म्हणजे कास्ट, मत ‘कास्ट’ करायचं आणि जातही कास्टच. हे सगळं एकाच शब्दातून निघालं का?

पहिली तीन एकाच घरची. चौथी परकी.

हे क्रियापद मुळात इंग्रजीचं नव्हेच. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘कास्ता’ म्हणजे फेकणे. तिथून ते इंग्रजीत येऊन रुळलं आणि फेकण्यासाठीचं जुनं घरचं क्रियापद मागे पडलं. पुढे ‘थ्रो’ने यालाही बाजूला सारलं. (थ्रोचा मूळ अर्थ पिळणे, फिरवणे. म्हणून तर तिकडचा कुंभार आजही चाकावर मडकं ‘थ्रो’ करतो!) त्यामुळे चेंडू आता कुणी कास्ट करत नाही; पण ठरावीक प्रयोगांत कास्ट टिकून आहे.

ते प्रयोग लक्षात ठेवायला आपलं ‘टाकणे’ पुरतं. कोळी जाळं टाकतो, जहाज नांगर टाकतं, साप कात टाकतो. आपण फासे टाकतो, नजर टाकतो, मत टाकतो. या सगळ्याला इंग्रजीत कास्ट चालतं. वाळीत टाकलेला तो ‘आउटकास्ट’. सावली मात्र मराठीत पडते, कुणी टाकत नाही. वितळलेला धातू साच्यात टाकला, म्हणजे ओतला, की झालं कास्टिंग.

नटांचं जरा वेगळं. कास्टला ‘मांडणे, हिशेब करणे’ असाही जुना अर्थ आहे. इंग्रजीत ज्योतिषी पत्रिका ‘कास्ट’ करतो, आपला कुंडली मांडतो. भूमिकांची वाटणी या मांडणीतलीच. आधीच मांडलेला अंदाज तो ‘फोरकास्ट’.

माझा लाडका शब्द ‘ब्रॉडकास्ट’. अठराव्या शतकात तो शेतातला होता : पाभर न धरता मुठीने बी चौफेर फोकायचं, ते ब्रॉडकास्ट. रेडिओने तो १९२०च्या दशकात उचलला.

राहिली जात. तो शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, अर्थ वंश, कुळी. नॉर्स ‘कास्ता’शी नातं काही नाही, नुसता उच्चार जुळला. पूर्वी इंग्रजीतही तो शेवटच्या ‘ई’शिवाय लिहीत, तेव्हा हा घोळ जुनाच. आता निदान ‘ई’ बघून ओळखता येतो. देवनागरीत तीही सोय नाही.