‘रोज बाऊल’ला जाताय? आधी आपली पेठ ठरवा

प्रश्न : मी आणि मिस्टर, दोघंही सत्तरीला टेकलोय. मुलगा लॉस एंजेलिसला असतो. येत्या नाताळात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत आणि १ जानेवारीच्या, अमेरिकन फुटबॉलच्या ‘रोज बाऊल’ सामन्याची तिकिटं काढू म्हणून तो मागे लागलाय. मिस्टरांचा उभा जन्म शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघण्यात गेला. त्यांचं म्हणणं, चेंडू हातात घेऊन पळतात तो कसला फुटबॉल? आणि कॉलेजच्या पोरांच्या मॅचला एवढा पैसा कशाला घालायचा? मला मात्र फार जावंसं वाटतंय. तुम्ही हा सामना बघून आल्याचं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत. जावं का? आणि गेलो तर काय सांभाळावं?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, जाच. आणि मिस्टरांना घेऊनच जा, कारण तो दिवस तुमच्यापेक्षाही त्यांना जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः मंगळवार पेठेतला. आपल्याकडं फुटबॉलचे संघ पेठापेठांतल्या तालमींचे, तशाच एका तालमीच्या संघातून नऊ वर्षं हाफबॅक खेळलो. मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकली, म्हणून १ जानेवारी २०२४ ला मिशिगन आणि अलाबामा यांचा रोज बाऊल आम्ही दोघांनी तिच्याबरोबर बघितला. जायच्या आधी माझंही मत तुमच्या मिस्टरांसारखंच होतं.

रोज म्हणजे गुलाब आणि बाऊल म्हणजे वाडगं. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना गावात एका कोरड्या ओढ्याच्या खोलगट पात्रात हे स्टेडियम १९२२ साली उभं राहिलं. वरच्या कडेवरून आत डोकावलं आणि मला एकदम आपलं कुस्तीचं खासबाग मैदान आठवलं. चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या बैठका, तळाला मैदान, आणि कुठंही बसा, नजर आपोआप मधेच जाते. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचा आखाडा बघून त्यांना खासबागेची कल्पना सुचली असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पॅसाडेनाचा नववर्षाचा पहिला सामना १९०२ चाच. त्यात मिशिगननं स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. सामना इतका एकतर्फी झाला की पुढं बरीच वर्षं तिथं फुटबॉल बंद ठेवून रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ पासून मात्र सामना दर वर्षी होतो. खासबाग १९१२ चं, म्हणजे त्या वाडग्यापेक्षा दहा वर्षांनी थोरलं. एवढं मिस्टरांना सांगा, ते तयार होतील.

आता हातातल्या चेंडूचं. नियमाचं पुस्तक वाचत बसू नका, एवढंच धरून ठेवा : चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढं सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांना. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, त्यावर लाथेनं एक जादा, आणि लांबून खांबांमधून मारला तर तीन. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्हीकडची धिप्पाड पोरं समोरासमोर वाकून उभी राहतात. ती कुस्तीतली खडाखडी आहे, ताई. कोल्हापूरच्या माणसाला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. कुणाच्या बाजूनं बसायचं ते आधी ठरवा. पाहुण्यासारखं मधे बसून टाळ्या वाजवायला गेलात तर साडेतीन तास सरता सरणार नाहीत. दोन्ही विद्यापीठांना तिकिटांचा वेगळा कोटा मिळतो, त्यामुळं स्टेडियमची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची होते. आमच्या बाजूला निळा आणि पिवळा. तो पिवळा म्हणजे मक्याच्या दाण्याचा पिवळा, आणि ते लोकही त्याला ‘मका’च म्हणतात. समोर सगळं लालभडक. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. त्यांचा नवरा मिशिगनला शिकलेला, मुलगा शिकलेला, आता नात शिकत होती. कॉलेज सोडून साठ वर्षं झाली तरी माणूस कॉलेजचाच राहतो, जसा पुण्यात जाऊन बंगला बांधला तरी माणूस पेठेचाच राहतो. पोरांच्या मॅचला एवढा पैसा का, याचं उत्तर मला त्या आजींकडं बघून मिळालं.

फक्त एक लक्षात ठेवा. हा सामना आता राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत धरतात आणि २०२४ च्या हंगामापासून त्या फेरीत बारा संघ आले आहेत. त्यामुळं कोण खेळणार हे डिसेंबरातच कळतं. मुलाला म्हणावं, संघ कळू दे, मग आपली पेठ ठरवून त्याच बाजूची तिकिटं काढ.

आमच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत मिशिगन १३-२० असं मागं होतं. चौथा, शेवटचा प्रयत्न आणि दोन यार्ड हवे होते. चुकलं असतं तर सगळं संपलं असतं. शेजारच्या आजींनी न विचारता माझं मनगट धरलं. पोरांनी चेंडू बाहेरच्या बाजूला फेकला, मिशिगनच्या कोरमनं तो घेतला आणि दोन मागितले होते तिथं सत्तावीस यार्ड पळाला. दीड मिनिट उरलं असताना बरोबरी झाली. मग जादा वेळ. त्यात मिशिगननं आधी चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला. अलाबामाला तीन यार्ड उरलेले असताना त्यांचा मिलरो थेट मधून घुसला आणि सगळ्यांनी मिळून त्याला तिथंच दाबला. २७-२०. पुढच्या सोमवारी मिशिगन देशात पहिलं आलं, पण माझ्यासाठी तो विजय त्या वाडग्यातच झाला होता. मनगटावर आजींच्या बोटांचे वळ रात्री जेवतानाही दिसत होते.

तयारीचं थोडक्यात. पर्स नेऊ नका, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पिशवीच आत सोडतात आणि तिचंही माप ठरलेलं असतं. औषधं त्याच पिशवीत ठेवा. सामना दुपारी सुरू होतो, आमच्या वेळी दोनला झाला, २०२६ मध्ये एकला. तेव्हा ऊन असतं, पण पाचच्या आत सूर्य डोंगराआड गेला की बाकडी गार पडतात. स्वेटर आणि बुडाखाली घ्यायला चादरीची घडी हवीच. मात्र त्याआधी उत्तरेकडचे डोंगर गुलाबी होतात. त्या वेळी खेळावरची नजर दोन मिनिटं काढून तिकडं बघा. मध्यंतरात दोन्ही कॉलेजांचे शेकडो पोरापोरींचे बँड मैदानात उतरतात, तेव्हा खायला उठू नका. सकाळी आठला गुलाबांची मिरवणूक असते, साडेपाच मैलांची. लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर झोपतात. या वयात मिरवणूक आणि सामना दोन्ही एकाच दिवशी नका करू. चित्ररथ दुसऱ्या दिवशी एका जागी उभे असतात, ते तिकीट काढून जवळून बघा. फुलं, पानं, बिया अशा नैसर्गिक वस्तूंशिवाय त्यांच्यावर दुसरं काही लावलेलं चालत नाही. एका पक्ष्याच्या पोटावर मसूर आणि तीळ एकेक दाणा चिकटवलेले माझ्या बायकोनं दाखवले.

गाडीनं जाणार असाल तर सकाळी दहालाच पोचा. स्टेडियमशेजारच्या गोल्फच्या हिरवळीवर गाड्या लावतात, डिक्की उघडून शेगड्या पेटवतात आणि दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसून खातात. हे बघून मला खरोखर भरून आलं. आपल्याकडं हुल्लडबाजीमुळं सामने थांबलेले मी बघितलेत, भर रंगात आलेला खेळ सोडून खाली मान घालून घरी आलोय. फुटबॉलवर आपल्याइतका जीव टाकणारं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही, म्हणून ते जास्त लागतं. दोन तालमींच्या पोरांनी सामन्याआधी एका पंगतीला बसावं असं मला तेव्हापासून फार वाटतं. मी आमच्या पेठेत ते बोलून दाखवलंय, आणि बोलत राहणार आहे.

आमच्या शेजारच्या गाडीपाशी अलाबामाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं, डोक्यापासून पायापर्यंत लाल. बायकोनं घरून नेलेल्या भडंगाचा स्टीलचा डबा त्यांच्यापुढं धरला. आजोबांनी आधी तळलेला लसूण वेचून खाल्ला, मग डबाच मागून घेतला. सामना संपल्यावर अंधारात गाडी शोधत आलो तर ते दोघं आमच्या गाडीपाशी थांबलेले होते. हरलेल्या माणसाला काय बोलावं ते मला सुचेना. आजोबांनी माझा हात हातात घेतला, “चांगली खेळली तुमची पोरं,” एवढंच इंग्रजीत म्हणाले आणि डबा परत दिला. डबा रिकामा नव्हता. त्यांच्या परसातल्या झाडाचे पेकान होते, अक्रोडासारखेच पण लांबट. आम्ही कोल्हापूरला पोचलो तेव्हा संक्रांत दोन दिवसांवर होती. बायकोनं ते बारीक कुटून तिळाच्या लाडवांत घातले.