तेलावर टाकतो तो लाकडाचा भुसा सांडलेल्या ॲसिडवर चालेल का?

अजिबात नको. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या शेडमध्ये हायड्रॉलिक तेल सांडलं की भुसा ठीक. नायट्रिक ॲसिडवर मात्र तो पेट घेऊ शकतो, विषारी तपकिरी धूरही निघतो. आधी माणसं लांब करा. ओघळ गटारात जाऊ देऊ नका. हातमोजे, गॉगल घालून कोरड्या वाळूचा बांध घाला, मग ॲसिडचा जोर मारायला कडेकडेने ‘सोडा ॲश’ (सोडियम कार्बोनेटची पांढरी पूड) टाका, थोडा थोडाच, कारण फेस येतो. सल्फ्युरिक ॲसिडवर बादलीभर पाणी ओतलं तर ॲसिड उसळून अंगावर येतं. अंगावर उडालंच तर मात्र लगेच भरपूर पाणी, निदान १५ मिनिटं. ड्रमसोबतच्या सुरक्षा-पत्रकातला ६ वा विभाग गळतीचाच असतो. तो मराठी-गुजरातीत लिहून भिंतीवर लावा. आमच्याकडे वाळूची बादली कुलपात असायची, किल्ली सुपरवायझरकडे! तुम्ही बादली बिनकुलपाचीच ठेवा.