कायदा सल्ला: नाकाबंदीत फुंकल्यानंतर

प्रश्न: नाकाबंदीत, दारू पिऊन गाडी चालवतोय का हे तपासायच्या यंत्रात फुंकलं आणि ४२ आकडा आला. पोलिसांनी लायसन्स जमा करून घेतलं आणि कोर्टाची तारीख दिली. मित्र म्हणतात, ‘गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, विषय संपला.’ तसं केलं तर चालेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: कोर्टातला विषय बहुधा संपेल. आरटीओतला संपणार नाही, आणि मित्रांना नेमकं हेच ठाऊक नसतं. त्या एका रात्रीतून दोन प्रकरणं सुरू होतात.

आधी कोर्टाचं पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखे मोबाइलवरून पैसे भरून हा गुन्हा मिटत नाही, कारण कलम २०० मधल्या तडजोडीच्या यादीत तो नाहीच. कबुली दिली की दोषसिद्धी होते. पुढे कधी पुन्हा पकडले गेलात तर ती मोजली जाते. नोकरीच्या अर्जात ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा रकाना असला तर तिथेही ‘हो’ लिहावं लागतं.

म्हणून कबुली देण्याआधी कागद मागा आणि वकिलाला दाखवा. यंत्रातून निघालेल्या पट्टीवर तारीख, वेळ, आकडा आणि यंत्राचा क्रमांक तपासा. त्या दिवशी यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (यंत्र अचूक मोजतं याचा दाखला) चालू होतं का? तुमच्यासाठी नवी नळी लावली होती का? शेवटचा घोट घेऊन किंवा माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं असेल, तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. ते जायला साधारण १५ मिनिटं लागतात. अटक झाली असेल तर वेळा जुळवून पाहा. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावंच लागतं. मात्र तेवढ्याने केस आपोआप रद्द होत नाही.

कागद चोख असतील तर ४२ आकड्यावर वर्षभर तारखा घेत बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. पहिलाच गुन्हा असेल, अपघात झाला नसेल, तर वकिलामार्फत प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ चा लाभ मागता येतो. कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, पण न मागता ते कोणी देत नाही.

प्रश्न: पोलिसांनी लायसन्स जमा करून घेताना पावती दिली. ती दाखवून गाडी चालवता येते ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. इथे भलेभले फसतात. इतर काही प्रकरणांतल्या पावतीवर गाडी चालवता येते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली लायसन्स जप्त झालं असेल तर ती पावती फक्त पोच असते. लायसन्स आरटीओकडे जातं आणि कलम १९ खाली तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. पहिल्या वेळी ३ महिने अपात्रता, पुन्हा झालं तर लायसन्स रद्द.

नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर वाट पाहू नका, स्वतः आरटीओत चौकशी करा आणि खुलासा लेखी द्या. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ लागतं: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

प्रश्न: फुंकायला सरळ नकार दिला तर पुरावाच राहणार नाही, असं ऐकलं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: उलटं होतं. नकार दिला आणि पोलिसांना संशयाला सबळ कारण असलं, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. मग कलम २०४ खाली रक्ताचा नमुना मागतात. तोही योग्य कारणाशिवाय नाकारलात, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध धरता येतो. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसलेली नसावी, कुपीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) असावं आणि तिला तुमच्यासमोर सील लागावं. स्त्रीचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर हवीच.

प्रश्न: भाऊ रिक्षा चालवतो, त्याच्यावर हीच केस आहे. वकिलाची फी झेपणारी नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. कोर्टाचं समन्स, ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला न्या. दाखला हाताशी नसेल तर प्रतिज्ञापत्रही चालतं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा भावाचा हक्कच आहे. मात्र तारखेला गैरहजर राहिला तर वॉरंट निघेल. वकील नेमला गेला नसला तरी त्या दिवशी त्याने स्वतः हजर राहून मुदत मागावी.